कंबरदुखी : खिशातला मोबाईल कामाला लावा

"डॉक्टर, तुम्ही सांगितलेले व्यायाम आठ दिवस केले. फरक पडेना, म्हणून सोडून दिले." राहुरीत कंबरदुखीचे रुग्ण तपासताना हे वाक्य मी नेहमी ऐकतो. कांदा खुरपणाऱ्या भगिनी, ट्रॅक्टरचालक, दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार, सर्वांचे म्हणणे सारखेच.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. बहुतेकांना त्यामागे गंभीर आजार नसतो. एक्स-रेत दिसणारी 'गॅप' कंबर न दुखणाऱ्या अनेकांतही सापडते. मात्र दुखेल या भीतीने माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि थोड्या कामानेही कंबर धरते. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनांत व्यायामावर भर आहे. कमरेचा पट्टा व ट्रॅक्शन यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही.

व्यायामाचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर सातत्य ठेवण्यासाठी मोबाईलचा उपयोग असा करावा :

१) गजर : व्यायामाची वेळ ठरवून रोजचा गजर लावा. बैठे काम असल्यास दर अर्ध्या तासाने उठण्यासाठीही लावा.

२) चित्रफीत : फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतील तेव्हा त्यांच्या परवानगीने चित्रण करून घ्या. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी सांगितलेले व्यायाम पाहून करू नका. आपल्या जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत.

३) पावलांची मोजणी : पहिल्या आठवड्यात आपण रोज किती चालतो ते पाहा. समजा २,००० पावले भरली, तर दर आठवड्याला दोन-तीनशे वाढवा. दुखेल त्या दिवशी कमी चाला, पण अंथरूण धरू नका. बरे वाटले म्हणून एकदम दुप्पटही चालू नका.

४) नोंद : आठवड्यातून एकदा वेदना शून्य ते दहा या मापाने लिहा. शेजारी किती वेळ बसता, चालता, खुरपता आले तेही लिहा.

ही शेवटची नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्या एका रुग्ण बाईंची वेदना दहा आठवड्यांत सातवरून पाचवरच आली. परंतु पूर्वी अर्धा तास खुरपून उठणाऱ्या त्या बाई आता मधूनमधून विश्रांती घेत दोन तास काम करतात. नोंद नसती, तर 'फरक नाही' म्हणून त्यांनीही व्यायाम सोडला असता.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. डेन्मार्क व नॉर्वे येथे ४६१ रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यायाम व चालण्याचे मार्गदर्शन करणाऱ्या मोबाईल ॲपचा फायदा दिसला, पण तो थोडा होता.

पहिली तपासणी डॉक्टरांकडे प्रत्यक्षच करावी. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता, पायातील शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा पडल्यानंतरचे दुखणे असल्यासही दिरंगाई नको.

बाकीच्यांनी आज रात्री झोपण्यापूर्वी उद्याचा गजर लावावा आणि निदान बारा आठवडे तो बंद करू नये.