फिल्म-कॅमेऱ्याची निवड

जुन्नर व आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके छायाचित्र घेणारास जितके उदार आहेत तितकेच कठीणहि आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, नाणेघाट आणि भीमाशंकरचें दाट रान. पूर्वेस उघडें पठार. आणि जुन्नर गांवाच्या सभोंवतीं डोंगरांच्या पोटांत कोरलेलीं लेणीं. एकाच सकाळीं मनुष्य लेण्यांतील काळोखांतून निघून डोळे दिपविणाऱ्या उन्हांत येऊन उभा राहतो. आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांनीं वर्गणी जमवून, हातानें जुळवावयाचा एक जुना फिल्म-कॅमेरा घेण्याचें मनांत आणिलें आहे, व कोणता घ्यावा हा प्रश्न त्यांनीं आमच्यापुढें ठेविला आहे. पैसा थोडा आहे, खरेदी एकदांच व्हावयाची आहे, आणि वर्गणी पुन्हां मागतां येणार नाहीं. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर जरा विस्तारानें देणें आम्हांस अवश्य वाटतें.

हातोहातीं दूरध्वनीचें यंत्र असतां फिल्मचा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. सोईसाठीं म्हणाल तर मुळींच करूं नये. परंतु ३६ चित्रांची फिल्म भरली म्हणजे प्रत्येक चित्रापूर्वीं प्रकाश कोठून येतो हें पाहावें लागतें, आणि शिकणारास हेंच पाहिजे असतें. दुसरें असें कीं, नीट धुतलेली व कोरडी ठेवलेली निगेटिव्ह नुसत्या डोळ्यांस उजेडासमोर दिसते. ती वाचण्यास दुसरें यंत्र लागत नाहीं. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तो जुना गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेला. तेथील गल्ल्या व ओसऱ्या आज ज्या कोणाच्या पेटींत जुन्या फोटोंच्या रूपानें उरल्या असतील, त्यालाच त्या पुन्हां पाहतां येतात. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजकुलाच्या मूर्ति होत्या. त्यांपैकीं आतां पावलांच्या खुणा व वरचीं नांवें एवढेंच काय तें राहिलें आहे. नोंद ठेवण्याचें काम आमच्या मुलांना पुष्कळ आहे.

आतां यंत्राकडे वळूं. ज्यास एस्. एल्. आर्. म्हणतात त्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें तिरपा आरसा असतो. भिंगांतून आलेलें प्रतिबिंब आरशावरून वर जाऊन लोलकांतून आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतें. म्हणजे फिल्मवर जें उमटणार तेंच आपणांस आधीं दिसतें. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा क्षणभर उघडतो, आणि प्रकाश फिल्मवर पडतो. भिंग काढून दुसरें बसवितां येतें, हा या जातीचा मोठा गुण. आणि घोटाळाहि तेथूनच सुरू होतो. कारण एका घराण्याचें भिंग दुसऱ्या घराण्याच्या कॅमेऱ्यास सहसा बसत नाहीं. कॅमेरा विकत घेणारा वस्तुतः भिंगाचा माउंट विकत घेत असतो. अंगाचा सांगाडा बिघडला तर त्याच जातीचा दुसरा आणतां येतो. जमविलेलीं भिंगें मात्र जन्मभर त्याच घरांत नांदावयाचीं असतात.

स्वस्त मिळणारीं घराणीं मुख्यतः अशीं: पिळून बसवावयाचीं एम्-४२ भिंगें, ज्यांत रशियाचा झेनिट व पूर्व जर्मनीचे प्रॅक्टिका कॅमेरे येतात, १९७५ साली निघालेला पेंटॅक्सचा के माउंट, १९५९ पासून चालत आलेला निकॉनचा एफ् माउंट, कॅननचा एफ्-डी, आणि मिनोल्टा, ऑलिंपस व याशिका यांचे आपापले. एम्-४२ सर्वांत स्वस्त. झेनिट ई अंगानें बोजड, पण त्यासोबत येणारें ५८ मिलिमीटरचें हेलिऑस भिंग मोठें गुणी असतें. अडचण इतकीच कीं, त्याच्या पडद्याचा सर्वांत मंद वेग सेकंदाचा तिसावा भाग. त्याहून अधिक वेळ पाहिजे असल्यास कळ दाबून धरावी लागते. कॅननचीं एफ्-डी भिंगेंहि उत्तम व स्वस्त आहेत, परंतु १९७६ चा कॅनन ए-ई-१ हा सर्वस्वीं विजेच्या सेलवर चालतो. सेल संपला कीं पडदा हालत नाहीं. मिनोल्टा एक्स-७०० (१९८१) याचीहि तीच गत. शहरांत ही अडचण नव्हे. पण भीमाशंकरच्या वाटेवर पावसांत उभें असतां दुकान शोधावें कोठें? शिवाय अशा यंत्रांतील विजेची जोडणी बिघडली तर नवे भाग मिळत नाहींत, व एका बिघडलेल्याचे भाग काढून दुसऱ्यास लावावे लागतात.

म्हणून आमचा पहिला नियम असा कीं, पडदा स्प्रिंग व दंतचक्रें यांवर चालणारा असावा, आणि सेल लागलाच तर तो केवळ प्रकाशमापकासाठीं लागावा. या कसोटीस पेंटॅक्स के-१००० उत्तम उतरतो. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो बनत होता, व अनेक देशांतील विद्यार्थी त्यावरच शिकले. त्याचा पडदा एक सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सेलवांचून चालतो. आंत एक कांटा मध्यभागीं आणिला कीं काम झालें. त्याचा प्रकाशमापक बंद करण्यास खिटी नाहीं, म्हणून काम झाल्यावर भिंगावर टोपण घालावें, नाहींतर सेल उगाच झिजतो. निकॉनचा एफ्-एम् (१९७७) याहून सुबक व महाग आहे. त्याच नांवाचा एफ्-एम्-१० हा निकॉनसाठीं कोसिना या जपानी कारखान्यानें १९९५ पासून केला. याशिका एफ्-एक्स-३ हाहि त्याच कारखान्याच्या पोटचा. दोघांचींहि अंगें बव्हंशीं प्लॅस्टिकचीं, पण पडदे यांत्रिक. एफ्-एम्-१० चें वजन सुमारें ४२० ग्रॅम, के-१००० चें सुमारें ६२०. लेण्याद्रीच्या तीनशेंच्या आसपास पायऱ्या चढतांना हें अंतर खांद्यास कळतें. ऑलिंपस ओ-एम्-१ हलका व सुरेख आहे. मात्र त्याच्या प्रकाशमापकास जो पाऱ्याचा सेल लागे तो आतां बनत नाहीं. निकॉन घेणाऱ्यांनीं आणखी एक जपावें: १९७७ पूर्वींचीं, कडें न बदललेलीं भिंगें एफ्-एम्-१० वर जबरदस्तीनें बसवूं नयेत, खिटी मोडते.

शाळेच्या मंडळीस आमचा सल्ला पेंटॅक्सच्या बाजूनें आहे. तो सुस्थितींत न मिळाल्यास निकॉन घ्यावा, आणि वर्गणी फारच थोडी जमली तर झेनिट घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

भिंगांविषयीं मात्र कंजुषी करूं नये. दुकानदार बहुधा ३५ ते ७० मिलिमीटरचें लांब-आंखूड होणारें भिंग गळ्यांत घालतो. उन्हांत तें चालतें, पण त्याचें छिद्र लहान असल्यामुळें लेण्यांत समोरचें नीट दिसतच नाहीं. त्याऐवजीं ५० मिलिमीटरचें, ज्याचें छिद्र एफ्/२ पर्यंत उघडतें असें साधें भिंग घ्यावें, आणि पुढें २८ मिलिमीटरचें जोडावें. कां, तें पाहा. तुळजा लेण्यांतील चैत्य वर्तुळाकार आहे. स्तूपाभोंवतीं १२ खांब, वर घुमट. मागें सरकण्यास जागा नाहीं. समजा, आपण ४ मीटरांवर उभे आहों. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. म्हणून ५० च्या भिंगांत सुमारें २.९ मीटर रुंदी मावेल, व २८ च्या भिंगांत सुमारें ५.१ मीटर. शिवाय २८ चें छिद्र एफ्/११ वर ठेवून २.४ मीटरांवर जुळविलें तर सुमारें १.२ मीटरांपासून अनंतापर्यंत सर्व कांहीं स्पष्ट येतें.

प्रकाशाचें गणितहि तेथेंच शिकावें. समजा, ४०० वेगाची काळी-पांढरी फिल्म आहे व उघड्या छिद्रावर, म्हणजे एफ्/२ वर, प्रकाशमापक सेकंदाचा पंधरावा भाग सांगतो. छिद्र एक एक पायरी लहान करीत गेल्यास वेळ दुप्पट होत जातो: एफ्/८ वर एक सेकंद, एफ्/११ वर दोन, एफ्/१६ वर चार. परंतु मंद प्रकाशांत फिल्म आळसावते. इल्फर्ड कंपनीच्या एच्-पी-५ या फिल्मसाठीं चार सेकंदांऐवजीं सुमारें सहा द्यावे लागतात. यासाठीं तिपाई व कळ दाबण्याची तार हीं दोन्ही घ्यावींच. त्यांचा खर्च आधींच हिशेबांत धरावा. शिलालेखाचें चित्र घेतांना प्रकाश समोरून नसून एका कडेनें सरपटत यावा, म्हणजे ब्राह्मी अक्षरांच्या खांचा उठून दिसतात; समोरून टाकलेला विजेचा लखलखाट अक्षरें पुसून टाकतो.

शेकरूचें चित्र पाहिजे म्हणून कांहीं मुलें २०० मिलिमीटरच्या भिंगाचा हट्ट धरतात. झाडांच्या गर्द छायेंत, उडी मारणाऱ्या प्राण्यावर हातानें जुळवीत बसणें हें अनुभवी माणसाचें काम आहे. तो खर्च पहिल्या वर्षीं करूं नये. आणि बिबट्याच्या मागें कॅमेरा घेऊन उसांत शिरणें तर कोणीहि, कधींहि करूं नये.

मोठ्या कारखान्यांनीं असे कॅमेरे करणें सोडून दिलें असल्यामुळें जुनाच माल घ्यावा लागणार. मुंबईंत कोटांतील बोरा बाजार हें कॅमेऱ्यांचें जुनें पेठस्थान आहे. कोठेंहि घ्या, पण हातांत घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. भिंग काढून त्यांतून बॅटरीचा उजेड पाडून पाहावा. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसले तर ती बुरशी होय; तें भिंग कितीहि स्वस्त असो, परत करावें. आमच्या पश्चिम पट्टयांतील चार महिन्यांचा पाऊस तिला पोसतो, म्हणून निरोगी भिंगहि चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेल घालून ठेवावें. पाठ उघडून एक सेकंदाचा वेग लावावा व कान द्यावा. पडदा अडखळत मिटत असेल तर आंतलें तेल वाळलें आहे. कापडी पडद्यास भोंकें आहेत कीं काय हें अंधारांत बॅटरी धरून कळतें. पाठीच्या कडेचा स्पंज बोटास चिकटून काळा होत असेल तर घाबरूं नये. तो बदलणें सोपें व स्वल्प खर्चाचें आहे, पण भाव उतरविण्यास उपयोगी पडतें.

फिल्मचा खर्च हा कॅमेऱ्याच्या खर्चाहून कालांतरानें मोठा होतो. एके काळीं उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदु' फिल्म देशांत मिळे; तो कारखाना आतां बंद आहे, व फिल्म परदेशांतून येते. म्हणून वर्गणीचे तीन भाग करावे: एक कॅमेऱ्याच्या अंगास, एक भिंगें व तिपाई यांस, आणि एक फिल्म व धुलाई यांस राखून ठेवावा. काळी-पांढरी फिल्म शाळेच्या अंधाऱ्या खोलींत धुतां येते. रंगीत फिल्मचें काम पुण्यास पाठवावें.

कॅमेरा घरीं आल्यावर पहिली फिल्म लेण्यांवर खर्च करूं नये. भर उन्हांत, १०० वेगाची फिल्म असल्यास एफ्/१६ व सेकंदाचा १२५ वा भाग असें ठेवून एक चित्र घ्यावें. मग तेंच दृश्य प्रकाशमापकानें सांगितल्याप्रमाणें घ्यावें. आणि निरनिराळे वेग लावून, छिद्र त्या प्रमाणांत बदलीत, पुढचीं घ्यावींत. प्रत्येक चित्राचा क्रमांक, वेग व छिद्र एका वहींत लिहावें. फिल्म धुऊन आली म्हणजे ती वही शेजारीं ठेवावी. एखाद्या वेगाचींच चित्रें काळीं किंवा फिकीं आलीं तर दोष पडद्याचा समजावा, आणि दुकानदाराची मुदत संपण्यापूर्वीं कॅमेरा त्याच्याकडे न्यावा.