आधी विषय, मग इंग्रजी

इंग्रजीच्या पेपरात चांगले गुण मिळवणारा कॅडेट आणि सगळ्यांसमोर उभा राहून तीन मिनिटे इंग्रजी बोलणारा कॅडेट, हे दोघे एकच असतील असे नाही. आपल्या शाळेत हे रोज दिसते. ‘टेन्स’च्या रिकाम्या जागा अचूक भरणारा मुलगा गटचर्चेत मात्र गप्प बसतो. त्याला इंग्रजी येत नाही, असे आपण म्हणून मोकळे होतो. मला वाटते, बऱ्याचदा त्याच्याकडे त्या क्षणी बोलायला काही नसते.

हे गप्प बसणे आपल्याला महागात पडू शकते. एनडीएच्या लेखी परीक्षेत एकूण ९०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. ते व्याकरण आणि शब्दसंग्रह पक्का असला की मिळवता येतात. पण त्यानंतर एसएसबीची मुलाखत असते आणि तिलाही ९०० गुण असतात. तिथे गटचर्चा होते. शिवाय ‘लेक्चरेट’ असते. चिठ्ठीवरच्या विषयांतून एक निवडायचा, तीन मिनिटांत तयारी करायची आणि तीन मिनिटे बोलायचे. तिथे रिकाम्या जागा भरायला कोणी देत नाही. सगळे पानच कोरे असते.

म्हणून इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवताना अनेक शिक्षक चालू घडामोडी आणि संस्कृती यांचा आधार घेतात. आधी मुलांना बोलावेसे वाटेल असा विषय द्यायचा आणि त्या विषयातूनच शब्द, वाक्यरचना, व्याकरण शिकवायचे. ही रीत कशी चालते, ते उदाहरणांनी सांगतो.

बातमीतले व्याकरण

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरले. ही बातमी वर्गात घेतली तर काय काय शिकता येते पाहा. ‘लँड’ म्हणजे उतरणे, ‘लँडर’ म्हणजे उतरणारा. ‘ऑर्बिट’वरून ‘ऑर्बिटर’, ‘रोव्ह’ म्हणजे भटकणे, त्यावरून ‘रोव्हर’. क्रियापदाला ‘अर’ लावला की ते काम करणारा तयार होतो, हा नियम विक्रम आणि प्रज्ञान यांच्यामुळे कायमचा लक्षात राहतो. ‘सॉफ्ट लँडिंग’ म्हणजे अलगद उतरणे. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर अलगद उतरू शकला नव्हता, हे माहीत असले की ‘सॉफ्ट’ या साध्या शब्दाचे वजन कळते.

आता मथळे घ्या. इंग्रजी वर्तमानपत्र कालच्या घटनेचा मथळा वर्तमानकाळात देते. ‘इंडिया लँड्स ऑन मून’. इथे ‘द’ गाळलेला असतो. उद्या होणाऱ्या गोष्टीला ‘विल’ न वापरता ‘टू’ वापरतात, जसे ‘प्रेसिडेंट टू व्हिजिट’. जागा वाचावी आणि घटना ताजी वाटावी म्हणून हे केलेले असते. मराठी मथळेही असेच काटकसरी असतात. ‘मुंबईत मुसळधार पाऊस’ यात क्रियापद कुठे आहे? म्हणून आमच्या वर्गात एक सराव असतो. मथळा घ्यायचा आणि तो पूर्ण, नियमात बसणाऱ्या वाक्यात लिहायचा. त्यात काळ येतो, ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ येतात आणि कंटाळा येत नाही.

दुसरा सराव मला जास्त आवडतो. एकाच घटनेची बातमी दोन वर्तमानपत्रांतून काढायची आणि फक्त क्रियापदे तपासायची. ‘सेड’ म्हणजे म्हणाला. ‘क्लेम्ड’ म्हणजे दावा केला, म्हणजे बातमीदार त्याची खात्री देत नाही. ‘अॅडमिटेड’ म्हणजे कबूल केले. माणूस तोच, बोलणे तेच, पण क्रियापद बदलले की वाचणाऱ्याचे मत बदलते. ‘पॅसिव्ह व्हॉइस’चेही तसेच. ‘गोळ्या झाडल्या गेल्या’ असे लिहिले की कोणी झाडल्या, हे गुलदस्त्यात राहते. लष्करी आदेशात मात्र कोणी, काय, केव्हा करायचे हे स्वच्छ असावे लागते. कर्तरी-कर्मणी हा प्रकार परीक्षेपुरता नाही, हे अशा बातम्या वाचून समजते.

सभ्यपणा कुठे असतो?

संस्कृतीशिवाय भाषा शिकली तर अर्थ बरोबर येतो, पण सूर चुकतो. आपण मेसमध्ये वाढणाऱ्या काकांना म्हणतो, “काका, पाणी द्या.” यात काही उद्धट नाही, कारण आदर ‘काका’ या हाकेत आणि ‘द्या’ या रूपात आहे. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून ‘गिव्ह मी वॉटर’ केले, की इंग्रजी ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिघांना मिळून एकच ‘यू’ आहे. मग आदर ठेवायचा कुठे? तो त्यांनी ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा शब्दांत ठेवला. म्हणजे ‘प्लीज’ हा नुसता शोभेचा शब्द नाही. मराठीत जे काम ‘द्या’मधला ‘या’ करतो, ते तिथे ‘प्लीज’ करतो.

नात्यांचे उलटे आहे. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना इंग्रजीत एकच ‘आन्ट’. तिथे आपल्याला ‘माय फादर्स सिस्टर’ असे फोड करून सांगावे लागते.

वाक्प्रचारांतही माणसांचे जगणे दिसते. इंग्रज क्रिकेट खेळत आले, म्हणून अडचणीत सापडलेला माणूस ‘स्टिकी विकेट’वर असतो. ओली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू कसाही वळतो, त्यावरून हे आले. अमेरिकन माणूस अंदाजे आकड्याला ‘बॉलपार्क फिगर’ म्हणतो, तो बेसबॉलच्या मैदानावरून. आणि आपण? आपण दंड थोपटतो, चीतपट करतो, कारण आपल्याकडे कुस्तीचे आखाडे होते. हे एकदा कळले की वाक्प्रचारांची यादी घोकावी लागत नाही.

आणि इंग्रजी आपल्याला वाटते तितकी परकीही नाही. आपल्या ड्रेसचा ‘खाकी’ हा शब्द ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून इंग्रजीत गेला. १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘कॉर्प्स ऑफ गाइड्स’ने पुढे धुळीच्या रंगाचा गणवेश घेतला आणि तो जगभरच्या सैन्यांत पसरला. ‘लूट’, ‘बंगलो’, ‘शाम्पू’ हे शब्दही इथूनच गेले.

आपली गोष्ट त्यांच्या भाषेत

संस्कृतीतून इंग्रजी म्हणजे फक्त लंडन आणि ख्रिसमस नव्हे. आपल्या डॉर्मिटरीत केरळचा, मणिपूरचा, हरियाणाचा मुलगा असतो. त्याला आषाढी वारी सांगायची तर? ‘दिंडी’ला ‘प्रोसेशन’ म्हटले की अर्धी गोष्ट हरवते. मग सांगावे लागते, की वर्षानुवर्षे एकत्र चालणाऱ्या, टाळमृदंगावर अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्यांचा हा गट असतो, आणि आळंदीहून निघालेली माउलींची पालखी सुमारे तीन आठवडे चालून पंढरपूरला पोहोचते. एवढे इंग्रजीत सांगताना ‘हू’ आणि ‘विच’ जोडून मोठी वाक्ये आपोआप करावी लागतात. तो प्रश्न विचारतो, आपण उत्तर देतो. मग तो ओणम किंवा लोहडी सांगतो आणि विचारायची पाळी आपली असते. कोणालाही लाज वाटत नाही, कारण इंग्रजी दोघांचीही दुसरीच भाषा आहे आणि आपल्या सणाबद्दल प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा जास्त माहीत असते.

करायचे काय?

माझ्या धाकट्या कॅडेट मित्रांना एक साधा नेम सुचवतो. रोज एकच बातमी घ्या. तिच्यातले पाच शब्द वहीत लिहा, पण सुटे नको, पूर्ण वाक्यात. बातमीचा सारांश तीन वाक्यांत लिहा आणि चौथे वाक्य तुमच्या मताचे असू द्या. संध्याकाळी प्रेपनंतर ते कोणाला तरी तोंडी सांगा. चौथे वाक्य टाळू नका, कारण गटचर्चेत तुमचे मतच विचारले जाते.

शिक्षकांना एक विनंती. मूल वाक्याच्या मध्यावर असताना दुरुस्ती केली की विषयही तुटतो आणि धीरही. चूक लिहून ठेवावी आणि बोलणे संपल्यावर सांगावी.

आणि पालकांसाठी. “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?” असे अनेक आईबाबा म्हणतात. तुम्ही फार मोठी मदत करू शकता. रविवारी फोनवर ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ हे विचारून झाले, की एखाद्या बातमीबद्दल मराठीत विचारा. यंदा कांद्याला भाव का नाही? गावात पाणी कुठवर आले? असे का झाले असेल, तुला काय वाटते? त्याला घरी मराठीत मत मांडायची सवय लागली, तर इंग्रजीत त्याला फक्त शब्द शोधावे लागतील. विचार तो घरूनच घेऊन आलेला असेल.