संपर्क तुटला म्हणजे सर्व्हर बंद पडला का?

चेन्नईच्या एग्मोर स्थानकात 1908 पासून दक्षिणेकडच्या गाड्या येत आहेत. मदुराईची गाडी वेळेवर आली नाही, तर फलाटावर थांबलेला माणूस मदुराईचे स्थानक बंद पडले असे म्हणत नाही. गाडी विल्लुपुरमला अडकली असेल, चेंगलपट्टूला थांबवली असेल, तांबरमजवळ सिग्नल मिळाला नसेल, असा तो वाटेचा विचार करतो. त्याच एग्मोरमधल्या एखाद्या कार्यालयातून मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरशी संपर्क होईना, की मात्र पहिले वाक्य ठरलेले असते: ‘सर्व्हर डाउन आहे.’ लगेच दुसरे येते: ‘रिस्टार्ट करा.’ उत्तर आले नाही, यावरून एवढेच सिद्ध होते की विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यामध्ये कुठेतरी काहीतरी अडले आहे. सर्व्हरवर आपोआप चालणारे सॉफ्टवेअर असेल, म्हणजे रात्री हिशेब जुळवणारे, ऑर्डर पुढे पाठवणारे किंवा दर तासाला नोंदी गोळा करणारे, तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. आपण त्याला मेलेले समजत असतो तेव्हाही ते निमूटपणे काम करत असू शकते.

वाट किती लांब आहे आणि ती कुठे तुटू शकते, हे चेन्नईने 12 डिसेंबर 2016 रोजी पाहिले. वरदा चक्रीवादळ शहरावरून गेले, हजारो झाडे पडली, वीज गेली आणि समुद्राखालून येणाऱ्या केबलच्या जोडणीलाही फटका बसला. चेन्नईपासून दूरच्या ग्राहकांचे इंटरनेटही मंदावले, कारण देशाबाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा मोठा हिस्सा चेन्नई आणि मुंबई या दोन किनाऱ्यांवरूनच जातो. समुद्रापलीकडे सिंगापूरमधल्या सर्व्हरना वरदाचा वाराही लागला नव्हता. तुटली होती ती वाट. मात्र यातून लोकांनी उलटा गैरसमजही करून घेतला: नेट अडले की समुद्रातली केबल तुटली. एग्मोरहून मुंबईला जाणारा संदेश साधारणपणे जमिनीवरच्या फायबरमधून जातो, समुद्राचा त्याच्याशी संबंध नसतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार-अकराशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन परत यायला त्याला निदान दहा-अकरा मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वळसे आणि थांबे धरून याच्या दोन-तीन पट लागतात. मुंबईच्या सर्व्हरकडून अडीचशे मिलिसेकंदांनी उत्तर येत असेल, तर संदेश भलत्याच वाटेने जातो आहे किंवा वाटेत कुठेतरी गर्दी आहे, एवढे घरबसल्या कळते.

त्याहून जास्त माहिती पडद्यावरच्या संदेशात असते, आणि ती बहुतेक जण न वाचताच खिडकी बंद करतात याचे वाईट वाटते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ या दोन्हींचा अर्थ ‘लागत नाही’ असाच लावला जातो. वास्तविक ‘रिफ्यूज्ड’ हे बहुतेक वेळा त्या यंत्राने स्वतः दिलेले उत्तर असते: मी चालू आहे, पण या दारावर सध्या कोणी बसलेले नाही. म्हणजे वाट ठीक आहे, यंत्र जिवंत आहे, फक्त ती सेवा बंद आहे. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे कोणीच बोलले नाही; तिथे वाटेचा किंवा नको त्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलचा संशय घ्यावा. नाव सापडत नाही असा संदेश आला, तर दोष नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे असू शकतो आणि यंत्रापर्यंत आपण अजून पोहोचलेलोच नसतो. ‘आहेस का’ एवढेच विचारणाऱ्या पिंगला उत्तर नाही म्हणून सर्व्हर बंद, हा समजही असाच. क्लाउडमधल्या अनेक यंत्रांची फायरवॉल पिंगला उत्तर देऊच देत नाही. आणखी एक कारण तर इतके साधे की ते कोणाला सुचत नाही: कार्यालयाच्या ब्रॉडबँडचा पत्ता रात्रीतून बदलतो, आणि सर्व्हरच्या फायरवॉलने फक्त जुन्या पत्त्याला परवानगी दिलेली असते. पासवर्ड चार वेळा चुकला म्हणून सर्व्हरनेच काही काळ दार लावून घेतले, असेही होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा जोडून पाहिले तर यातले बरेच प्रश्न दोन मिनिटांत सुटतात. तिथून लागले, तर सर्व्हरला हात लावायचे कारणच उरत नाही.

मोठ्या कंपन्यांत असे होत नाही, हे खरे नाही. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री, आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास नाहीसे झाले. कंपनीच्याच खुलाशानुसार देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने डेटा सेंटरना जोडणारे त्यांचे अंतर्गत जाळे तुटले. ते तुटल्यावर नाव-पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरनी आपली वाट इंटरनेटला कळवणे आपोआप थांबवले. नाव-पत्ता सांगणारी ती यंत्रे चालू होती, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट जगाच्या नकाशावर राहिली नव्हती. अभियंत्यांची दुरून दुरुस्ती करायची साधनेही त्याच जाळ्यावर होती, त्यामुळे माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. छोट्या उद्योगाने यातून शिकण्यासारखे एवढेच: दुरुस्तीचे दार नेहमीच्या दारापेक्षा वेगळे हवे. क्लाउड पुरवठादाराच्या नियंत्रण पानावर बहुधा कन्सोलची सोय असते. नेहमीची जोडणी तुटली तरी त्यातून यंत्राचा पडदा दिसतो. ही सोय अडचण येण्यापूर्वी एकदा उघडून पाहिलेली असावी.

आता सॉफ्टवेअरकडे वळू, कारण जोडणी आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडणी तुटली की प्रोग्राम थांबतो, हे कधीकधी खरे असते. एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीने, आत जाऊन हाताने सुरू केलेल्या प्रोग्रामला, ती जोडणी संपताच, लिनक्स ही कार्यप्रणाली थांबण्याचा इशारा देते. तोच प्रोग्राम लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीसारख्या व्यवस्थेकडे सोपवला, तर तुमच्या येण्याजाण्याशी त्याला कर्तव्य उरत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: जोडणी उत्तम आहे, आत जाता येते, आणि काम मात्र कालपासून बंद आहे. डिस्क भरलेली असते, किंवा मेमरी संपली म्हणून लिनक्सने सर्वांत जड प्रोग्राम मारलेला असतो. कधी प्रोग्राम समोरच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत बसलेला असतो. समोरचा न सांगता गेला तर लिनक्सची मूळ मांडणी पहिली चौकशी तब्बल 7,200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी करते. तीही प्रोग्रामने तशी मागणी केली असेल तरच. रात्री दोनचे काम झालेच नाही, अशी तक्रार असेल तर सर्व्हरचे घड्याळही पाहावे. ते जागतिक वेळेवर असेल, तर दोनचे काम आपल्या सकाळी साडेसातला होणार.

यावर आक्षेप असतो की रिस्टार्टने दहापैकी आठ वेळा काम होते, मग एवढी तपासणी कशाला? मेमरी गळत असेल तर रिस्टार्टने बरे वाटते, हे मान्य. पण वाट तुटलेली असताना त्याने काहीच साधत नाही, आणि चालू असलेले काम मध्येच तुटते. काही क्लाउड सेवांत यंत्र पूर्ण थांबवून पुन्हा सुरू केले की त्याचा बाहेरचा पत्ताच बदलतो आणि एका अडचणीच्या दोन होतात. पैसे पाठवणारा प्रोग्राम अर्ध्यावर मारला, तर उठल्यावर तो तीच रक्कम पुन्हा पाठवेल का, याचे उत्तर आधी माहीत हवे. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देऊन दुसऱ्यांदा आलेला क्रमांक नाकारायची सोय नसेल, तर रिस्टार्टचे बटण धोक्याचे आहे. शिवाय तात्पुरत्या जागी ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातात, आणि पुढच्या आठवड्यात तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधावे लागतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा: चार माणसांच्या कार्यालयाने चोवीस तास पहारा कुठून आणायचा? पहाऱ्याची दिशा उलटी केली तर तो जवळजवळ फुकट पडतो. बाहेरून ‘चालू आहेस का’ असे सतत विचारण्यापेक्षा, काम यशस्वी झाल्यावर प्रोग्रामनेच दुसऱ्या ठिकाणी ‘झाले’ असा छोटा संदेश पाठवायचा, आणि ठरलेल्या वेळेत तो आला नाही तर त्या दुसऱ्या ठिकाणाने फोनवर सूचना द्यायची. ते ठिकाण त्याच सर्व्हरवर किंवा त्याच जाळ्यावर मात्र नसावे. मग वादळात एग्मोरच्या कार्यालयाचे नेट गेले आणि मुंबईचे काम वेळेत झाले, तर फोन वाजणार नाही.