मनगटाचे हाड सांधले, हे कसे ठरते?

रसायनी-पाताळगंगा परिसरात कारखान्याच्या ओल्या फरशीवर वा भातखाचराच्या निसरड्या बांधावर पाय घसरला की माणूस हात टेकून पडतो. अशा वेळी मनगटातील नौकाकृती अस्थी मोडण्याचा संभव असतो. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यास दुखते. सूज मात्र बेताचीच, म्हणून 'मुरगळले' समजून हात चोळला जातो. हा आग्रह बहुधा घरच्या वडीलधाऱ्यांचा! पहिल्या क्ष-किरण चित्रात ही भेग पुष्कळदा दिसत नाही. शंका असल्यास हात जखडून १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र घेतात, एम.आर.आय. तपासणीत ती आधीच कळते.

या हाडास रक्तपुरवठा मुख्यत्वे बोटांकडील बाजूने होतो. त्यामुळे कोपराकडील तुकडा सावकाश सांधतो, प्रसंगी निर्जीवही होतो. प्लास्टर ६ ते १२ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ ठेवावे लागते. वेदना थांबणे ही हाड सांधल्याची खूण नव्हे. साध्या क्ष-किरण चित्राविषयी तज्ज्ञांतही मतभेद होतात. सी.टी. स्कॅनमध्ये भेगेच्या निम्म्याहून अधिक भागावर नवे हाड दिसल्यास हालचालीस अनुमती देता येते, असे सर्वसाधारणपणे मानतात. हाड न सांधताच अवजड काम चालू ठेवल्यास काही वर्षांत मनगटाचा सांधा झिजतो. म्हणून कामगारास पुन्हा कामावर घेताना प्लास्टर काढल्याची तारीख नव्हे, तर त्यानंतरच्या तपासणीचा अहवाल पाहावा.