पाकिटाला सुरकुती का पडते?

दिवाळीआधीचा आठवडा. ऑफिसात दीडशे पाकिटांवर पत्ते छापायचे होते. गठ्ठा ट्रेमध्ये घातला, कमांड दिली. परीटघडीचं पाकीट आत गेलं आणि बाहेर आलं ते चुरगळून. वर त्याची झडप चिकटून बंद! शिव्या अर्थातच प्रिंटरला बसल्या. चूक आमची होती.

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकची बारीक पूड. विद्युतभाराच्या ओढीने ती ड्रमवरून कागदावर उतरते, पण तेव्हा ती नुसती बसलेली असते. बोट फिरवलं तर पुसली जाईल. ती पक्की होते फ्यूजरमध्ये. तिथे दोन रूळ असतात. एक साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस तापलेला, दुसरा खालून दाबणारा. थोडक्यात, इस्त्रीच. संशोधक चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात विद्युतभाराने पूड उतरवण्याच्या या पद्धतीची पहिली प्रत काढली. तेव्हा गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला होता आणि मेणकागदावर घेतलेली पूड उष्णतेनेच पक्की केली होती.

आता कागदाकडे या. 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए-फोर कागद जेमतेम 5 ग्रॅमचा. 200 जीएसएमचं कार्ड त्याच्या अडीचपट जड, म्हणजे तापायलाही तेवढी जास्त उष्णता हवी. नेहमीच्या वेगाने ते रुळांतून गेलं, तर टोनर नीट वितळत नाही आणि नखाने खरवडला की निघतो. मेनूत ‘जाड कागद’ निवडला की बहुतेक यंत्रं वेग कमी करतात किंवा तापमान वाढवतात. आपण मात्र तो मेनू कधी उघडतच नाही!

पाकिटाचं दुखणं वेगळं. ते एक कागद नसून निदान दोन थर आहेत, जोडावर तीन-चार. रुळांत दोन्ही थर सारखे सरकत नाहीत, मध्ये हवा कोंडते, आणि सुरकुती पडते. कागदात मुळातच थोडं पाणी असतं, पावसाळ्यात जास्त. फ्यूजरमध्ये त्याची वाफ होते आणि झडपेवरचा सुका डिंक जागा होतो. दमट कागदातून विद्युतभारही निसटतो, म्हणून जुलैत कोकणातल्या ऑफिसात छपाई फिकी आली तर लगेच टोनरवर खापर फोडू नका. रीमचं वेष्टन ओल अडवतं. फोडलं की फेकून न देता उरलेले कागद त्यातच गुंडाळून ठेवा.

पाकिटांसाठी काही प्रिंटरांत फ्यूजरचा दाब कमी करणारी खिट्टी असते. मागचं झाकण उघडलं तर पाकीट न वळता सरळ बाहेर पडतं. गठ्ठा हाताने दाबून हवा काढा, आधी एकच छापून बघा. इंकजेटचा चकचकीत फोटो-कागद लेझरमध्ये घालू नका. त्याचा थर रुळावर वितळू शकतो. आणि अर्धी लेबलं काढून घेतलेला कागद तर मुळीच नको. सुटलेलं एक लेबल रुळाला चिकटलं, की फ्यूजरच बदलायची वेळ येऊ शकते.