कळलावीची जनुके तंबाखूच्या पानात

पावसाळा लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलकडेला, झुडपांचा आधार घेत कळलावी वर चढते. कुणी तिला खड्यानाग म्हणतात. लाल-पिवळ्या फुलांचा हा वेल दिसायला देखणा, पण कंद जीवघेणा विषारी. त्यातले कोल्चिसिन हे अल्कलॉइड पेशींचे विभाजन थांबवते. तेच अगदी थोड्या मात्रेत गाउटच्या सांधेदुखीवर गोळीतून दिले जाते.

कंद खणला की वेल संपतो. म्हणून असे द्रव्य वनस्पतीची जनुके बदलून वाढवता येईल का, हा प्रश्न आला. त्यासाठी हाताशी धरला तो मातीतला एक जिवाणू, अॅग्रोबॅक्टेरियम. जखमी पेशीत स्वतःच्या डीएनएचा तुकडा घुसवायची त्याची जन्मजात खोड आहे. त्याच्या एका जातीमुळे झाडाला केसाळ मुळांचे झुबके फुटतात. ही मुळे काचेच्या भांड्यात, बाहेरून संप्रेरके न देता, भराभर वाढतात.

मुळेच का? धोतऱ्याचे उदाहरण घ्या. टोमॅटोची फांदी धोतऱ्याच्या खुंटावर कलम केली, तर टोमॅटोच्या पानांतही धोतऱ्याचे विष चढते. उलटे कलम केले, तर धोतऱ्याची पाने जवळपास निर्विष राहतात. कारखाना मुळात, कोठार पानात!

धोतऱ्याच्याच कुळातल्या बेलाडोनावर १९९२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. खुरासानी ओव्याचे एकच जनुक त्यांनी बेलाडोनात घातले आणि पानांतले हायोसायमिन जवळजवळ सगळे स्कोपोलामिनमध्ये बदलले. गाडी लागण्यावर वापरले जाते ते हेच स्कोपोलामिन.

सदाफुली मात्र अशी वळली नाही. तिच्यातली विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधे. औषध घडवणाऱ्या रासायनिक पायऱ्यांच्या साखळीतले सुरुवातीचे जनुक जोरात चालवल्यावर ट्रिप्टामिन हे सुरुवातीचे द्रव्य वाढले, पण पुढची अल्कलॉइडे वाढली नाहीत. वरच्या बांधीत पाणी सोडले, खालच्या बांधीची वाट मात्र अरुंदच राहिली. शिवाय या औषधांचा एक घटक, विंडोलिन, हिरव्या पानातच तयार होतो. त्यामुळे केसाळ मुळे इथे फारशी कामाची नाहीत. जनुक घातले की औषध वाढले, असे सरसकट सांगणाऱ्यांनी सदाफुली जरूर पाहावी.

कळलावीची साखळी तर कित्येक दशके अर्धवटच माहीत होती. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ सॅटली यांच्या गटाने वेलातली आठ जनुके हुडकली. मग एकूण १६ विकरांची (एन्झाइमांची) साखळी अॅग्रोबॅक्टेरियमच्या मदतीने तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन भाऊबंदाच्या पानात उभी केली. त्या पानात कोल्चिसिनच्या अलीकडचे संयुग तयार झाले. बाजारात पुरेल एवढे नाही. पण कंदाला हात न लावता औषध मिळण्याची वाट दिसली.

इथे गडचिरोलीचा संबंध केवळ वनस्पतीपुरता राहत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू, तेंदूपान, कंदमुळे यांवर ग्रामसभेचा अधिकार मान्य झाला. २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनांच्या व्यापारी वापरातून लाभ वाटून देण्याची तरतूद आहे. पण जनुकाचा क्रम एकदा संगणकात गेला की कंद जंगलातून न्यावाही लागत नाही. मे २०२४ मध्ये जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, पेटंट मागणाऱ्याने जनुकीय संसाधन कोणत्या देशातून आले हे उघड करायचे आहे. लाभात वाटा देण्याचे बंधन त्या करारात नाही.