वेगाचा वारा व उन्हाची झळ

परीक्षा संपून शाळांना सुटी लागली की घरोघरच्या सायकली बाहेर पडतात. कोणी आपल्या गिअरच्या नव्या सायकलीला तेल देतो, कोणी वडिलांची जुनी काळी सायकल पुसूनपासून पंक्चरवाल्याकडे हवा भरावयास नेतो, आणि मग भर दुपार असो की तिसरा प्रहर, चार मुले एकत्र आली की "पुलापर्यंत आधी कोण?" एवढ्या एका प्रश्नावर शर्यत सुरू होते. उन्हाळ्याच्या दिवसांत धर्मग्रामातील घरांना भेटी देताना ही तक्रार हमखास कानी येते : "फादर, ह्याला जरा समजावून सांगा. एवढ्या उन्हात एवढ्या जोरात सायकल मारू नये, हे तुमच्या तोंडून तरी ऐकेल." आई पाणी आणावयास आत वळते न वळते तोच चिरंजीव हळूच म्हणतात, "पण फादर, जोरात गेले म्हणजेच ऊन लागत नाही!"

वाचकहो, या दोघांपैकी खरे कोणाचे? हा प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. आईला उष्माघाताची भीती वाटते, ती अनाठायी नाही. आणि मुलाला जे सुख मिळते तेही खोटे नाही. तेव्हा दोघांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, हे बरे.

प्रथम मुलाची बाजू घेऊ. उन्हाळ्यात पायी चालणाऱ्यास जो उकाडा असह्य होतो, तोच सायकलस्वारास कितीतरी सुसह्य वाटतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारा स्वार सेकंदास सुमारे सात मीटर हवा कापीत असतो. म्हणजे झाडाचे पानही हलत नसले तरी त्याच्यापुरता वारा वाहतच असतो. अंगावरचा घाम आला तसा उडून जातो, सदरा पाठीला चिकटत नाही, मोकळ्या रस्त्यावर चाकांचा एकसुरी नाद सुरू होतो आणि आपण जमिनीवरून चाललो आहो की तरंगतो आहो, असा संभ्रम पडतो. शिवाय उष्ण हवा विरळ असते. 40 अंशांची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सहा-सात टक्क्यांनी हलकी. त्यामुळे वेगवान स्वारास तिचा अडथळाही तेवढाच कमी. उन्हाळ्यात सायकल अधिक पळते, असे मुले म्हणतात, त्यात तथ्य आहे. परमेश्वराने मनुष्यास दिलेल्या देहाचा हा निर्मळ आनंद आहे, आणि निर्मळ आनंदाकडे संशयाने पाहणे हे काही भक्तीचे लक्षण नव्हे.

आता आईची बाजू. आपले स्नायू ही मोठी उधळी यंत्रे आहेत. अन्नातून मिळालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलापर्यंत पोहोचतो. उरलेल्या साऱ्या शक्तीची देहातच उष्णता होते. त्यात वेगाचा हिशेब मोठा कठोर आहे. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे वारा अधिक हवा म्हणून जो अधिक जोराने पायडल मारतो, तो आपल्या देहातील भट्टीही तितक्याच जोराने पेटवीत असतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचा. एक लिटर घामाची वाफ होताना ती सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. मात्र घामाची वाफ झाली पाहिजे. नुसता गळून पडलेला घाम देहाला निववीत नाही.

येथे आपापल्या गावच्या हवेचा विचार करणे अगत्याचे आहे. ग्वाल्हेरकडे मे महिन्यात लू वाहते, पारा 44-45 अंशांवर चढतो. हवा मात्र कोरडी असते. घाम दिसतही नाही इतक्या लवकर उडतो, म्हणून तेथील मुलास वाटते की आपल्याला घामच येत नाही. पाणी मात्र झपाट्याने कमी होत असते. हवा त्वचेहून अधिक तापलेली असल्याने तो वारा देहास थंड करीत नाही, उलट तापवितो; तारतो तो केवळ घाम. गोव्यात पारा 34-35 अंशांपुढे क्वचितच जात असेल, पण हवा इतकी दमट की घाम गळत राहतो, त्याची वाफ होत नाही. तेथे आकडा लहान म्हणून निर्धास्त राहणे घातक. एकीकडे धोका आटण्याचा, दुसरीकडे कोंडण्याचा.

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही, आणि तीच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. वेगाचा वारा हा उसना वारा आहे. चढण लागली की वेग मंदावतो, पण श्रम कमी होत नाहीत, उलट वाढतात; भट्टी पेटलेली आणि खिडक्या बंद, अशी अवस्था होते. पाठीमागून वारा असला तरी तीच गत. ताशी 20 किलोमीटरचा वारा पाठीशी घेऊन आपण ताशी 20 किलोमीटर वेगाने निघालो, तर अंगाला झुळूकही लागत नाही. सारे अनुकूल आहे असे वाटते, तेथेच देह मुकाट्याने तापत असतो. आणि सायकल थांबवून उतरताच अंगातून घामाच्या धारा लागतात, त्या याच कारणाने : उसने घेतलेले परत मागावयास धनको दाराशी उभा राहिला की ऋण किती मोठे, हे तेव्हा कळते.

या सत्याचा अत्यंत करुण दाखला फ्रान्समध्ये घडला. तेथील प्रसिद्ध सायकल-शर्यत, तूर द फ्रान्स, हिचा 13 जुलै 1967 रोजीचा टप्पा मों व्हाँतू नावाच्या पर्वतावरून जात होता. हा पर्वत 1,900 मीटरांहून उंच. माथ्याकडचा भाग अगदी उघडा, झाडाची सावली नाही, पांढऱ्या चुनखडीच्या दगडांवरून ऊन परावर्तित होऊन डोळ्यांवर येते. टॉम सिम्सन हा 29 वर्षांचा इंग्रज स्वार त्या दिवशी शर्यतीत होता. 1965 साली त्याने जागतिक विजेतेपद मिळविले होते. पोटाच्या विकाराने तो काही दिवस बेजार होता. उन्हाचा कहर झाला होता. त्या काळी शर्यतीत पाणी घेण्यावरही नियमाने मर्यादा असे. माथा जवळ आला असता तो नागमोडी जाऊ लागला, पडला, पुन्हा सायकलीवर बसला, पुन्हा पडला, आणि त्यातून उठला नाही. त्याच्या देहात उत्तेजक औषध व मद्य यांचे अंश आढळले. आज तेथे रस्त्याकडेला त्याचे स्मारक आहे. पुढे जाणारे स्वार तेथे थांबून पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवून जातात.

सिम्सन भ्याड नव्हता, आळशी नव्हता. धैर्य त्याच्यापाशी उदंड होते. परंतु थकवा हा देहाने पाठविलेला दूत असतो, आणि त्या औषधाने दूताचेच तोंड बंद केले. आपल्या मुलांच्या खिशात तसले औषध नसते, हे खरे. पण मित्रांची टर, पैजेची ईर्षा, "मी काही नाजूक नाही" हा अभिमान, यांचा परिणाम पुष्कळदा तोच होतो. दूत दार ठोठावतो आणि आपण त्याला हाकलून लावतो.

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी धैर्याला मुख्य सद्गुणांत स्थान दिले, पण एकट्याला दिले नाही. विवेक आणि संयम यांच्या पंक्तीस त्याला बसविले. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचाच दृष्टांत घेतला आणि त्यांच्या अंगी सर्व बाबतींत संयम असतो, याकडे बोट दाखविले. त्याच पत्रात देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे तो सांगतो. आणि एलिया संदेष्ट्याची कथा आठवा. रानात झुडुपाखाली तो थकून पडला, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर दिली, पाण्याची सुरई दिली, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. कारण पुढची वाट लांबची होती. देवदूतानेही आधी पाण्याची सोय पाहिली, हे आपल्या तरुण स्वारांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सायकल पळवावयाची ती पहाटे, मिस्सा आटोपताच, किंवा सूर्य कलल्यावर. पहिल्याच दिवशी लांबची दौड नको. देहाला उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर हळूहळू वाढवावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. पण घामाबरोबर मीठही जाते, म्हणून तासाभराहून अधिक जाणाऱ्याने नुसत्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकमाचे सरबत ही आपल्या घरचीच औषधे आहेत. काहीच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे; चमचा चहाचा समजावा. डोके दुखू लागले, अंगावर शिरशिरी आली, पायांत गोळे आले, तर उतरावे आणि सावलीत बसावे. सोबती असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर तो थट्टेचा विषय नव्हे. तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असेही मानू नये. त्याला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, मिळेल तेवढे गार पाणी अंगावर ओतून वारा घालावा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. या चार ओळी मुलांनी एकमेकांसाठी पाठ कराव्यात. कारण ज्याला ऊन लागते त्याला ते स्वतःला समजत नाही, सोबत्याला समजते.

इतके सांगूनही मुलांची सायकल काढून घ्या, असे मी कोणत्याही आईला सांगणार नाही. फ्लॉरेन्सजवळ जन्मलेला जीनो बार्ताली हा श्रद्धावान कॅथोलिक, कार्मेल संघाचा प्रापंचिक सभासद. 1938 साली त्याने तूर द फ्रान्स जिंकली आणि महायुद्धाची होरपळ मध्ये जाऊन दहा वर्षांनी, 1948 साली, पुन्हा जिंकली. युद्धकाळात छळ सोसणाऱ्या यहुदी कुटुंबांसाठी बनविलेली ओळखपत्रे सायकलीच्या नळीत दडवून त्याने पोहोचविली. सरावास निघालेला स्वार म्हणून त्याला वाट मिळे. यरुशलेमच्या याद वाशेम या संस्थेने 2013 साली त्याचा मरणोत्तर गौरव केला. त्याच्या पायांतील बळ अशा रीतीने परक्यांच्या कामी आले. ते बळ त्याने वर्षानुवर्षे ऊनपावसात जपून कमावले होते.

इटलीत कोमो सरोवराच्या वर, 754 मीटर उंचीवर, गिसालोच्या मरियामातेचे एक लहानसे मंदिर आहे. 13 ऑक्टोबर 1949 रोजी पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. मंदिराच्या भिंतींवर नामांकित विजेत्यांच्या सायकली व रंगीत सदरे टांगलेले आहेत, आणि त्यांच्यातच फाबिओ कासार्तेल्ली या तरुणाची मोडकी सायकलही आहे. तो 1995 सालच्या तूरमध्ये एका उतारावर पडून 24 व्या वर्षी मरण पावला. जिंकणाऱ्याची आणि न परतलेल्याची, दोहोंच्या सायकलींना मातेने एकाच छपराखाली जागा दिली आहे.

मे महिना हा मरियामातेचा महिना. संध्याकाळच्या रोझरीला येताना मुलांनी खुशाल सायकली पळवीत यावे, घंटा वाजवीत यावे; प्रार्थनामंदिराच्या दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवण्याचे काम आपण मोठ्या माणसांनी करावे.